साडेचार किलोमीटर आणि एक किलो मेद

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता नंदाखालच्या एका शाळेत शिक्षकांपुढे बोलण्याचा योग आला. विषय होता 'शरीरातील ऊर्जा'. विरार स्थानकाच्या पश्चिमेला उतरून आगाशीच्या बाजूला निघाले की काही अंतर इमारतींची दाटी सोबत करते, मग हळूहळू वाड्या लागतात. केळी, फुलझाडे, भाजीचे वाफे, मध्येच एखादी जुनी विहीर. वसई-विरार महानगराच्या रेट्यातही हा हिरवा पट्टा बराचसा तग धरून आहे.

व्याख्यान संपले. प्रश्न बहुधा पाठ्यपुस्तकातलेच येतात, अशी आमची समजूत होती. पण पन्नाशीच्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, मी तीन महिने रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालले. राजोडीच्या रस्त्याला एक दिवस खाडा केला नाही. वजन उतरलं पाऊण किलो. मग दिलं सोडून. आता तुम्हीच सांगा, काटा खोटा की मी खोटी?"

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बाईंनी तीन महिने निष्ठेने एक प्रयोग केला होता, त्याचे मोजमाप ठेवले होते आणि निष्कर्षही काढला होता. निष्कर्ष चुकला असेल, तर चूक नेमकी कोठे झाली, हे सांगणे आमचे काम होते. त्या दिवशी वेळेअभावी जे सांगता आले नाही ते येथे मांडत आहोत. आम्ही वैद्य नव्हे. औषधोपचाराविषयी आम्ही काही सांगणार नाही. आम्ही तपासणार आहोत ते सल्ल्यामागचे गणित आणि त्यामागचा पुरावा.

सल्ला कोणाचा, काय?

पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर, हे आकडे महाराष्ट्रात आता बहुतेकांना पाठ आहेत. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४-२००४) यांनी मांडलेल्या विचारावर आधारलेली आणि रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवलेली ही जीवनशैली आहे. तिची सूत्रे दोन. पहिले, खरी भूक लागेल त्या दोनच वेळा जेवायचे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक अशा मोजक्या गोष्टींखेरीज काही घ्यायचे नाही. दुसरे, रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. २०१८ च्या सुमारास या पद्धतीची आणि दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला देणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या पद्धतीची तुलना घराघरांत रंगली. त्या सगळ्या वादात किती वेळा खावे यावर लोक हिरिरीने बोलले. व्यायामाची बाजू मात्र फारशी कोणी तपासली नाही.

आधी या सल्ल्याचे गुण सांगितले पाहिजेत. तो फुकट आहे. त्याला यंत्र लागत नाही, वर्गणी लागत नाही, पूड किंवा पट्टा विकत घ्यावा लागत नाही. तो मोजता येतो. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी आधी आणि नंतर करून घ्या, असे त्यात आवर्जून सांगितले जाते. स्वतःवर मोजमाप लादून घेणारा सल्ला आपल्याकडे दुर्मीळच. आमचे आक्षेप आहेत ते या गुणांची जाण ठेवूनच.

पहिला आक्षेप : श्रेय कोणाला?

सातवीच्या वर्गात आपण शिकवतो की, रोपाच्या वाढीवर प्रकाशाचा परिणाम पाहायचा तर पाणी आणि माती दोन्ही कुंड्यांत सारखी ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दीक्षित पद्धतीत आहार आणि चालणे या दोन गोष्टी एकदम बदलतात. ज्याचे वजन आठ किलो उतरले त्याच्या बाबतीत आहाराचा वाटा किती आणि चालण्याचा किती, हे त्या अनुभवावरून कळू शकत नाही. ऐकणारा मात्र दोन्ही सूत्रांना सारखेच श्रेय देतो. मग आहाराचे सूत्र जमले नाही, तर 'निदान चालूया, निम्मा तरी फायदा होईल' असे त्याला वाटते. आमच्या बाईंचे हेच झाले होते. विचारले तेव्हा म्हणाल्या, "जेवण आहे तेच. सकाळी चहा-पाव लागतो, संध्याकाळी शाळेतून आल्यावर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं."

त्यातच आणखी एक गोष्ट. सभागृहात उभे राहून अनुभव सांगतो तो ज्याला गुण आला तोच. ज्याने तीन महिन्यांनी सोडून दिले, तो त्या सभेला येतच नाही. बाई आमच्या व्याख्यानाला आल्या म्हणून त्यांचा अनुभव कळला. प्रामाणिक माणसांचे शंभर खरे अनुभव एकत्र केले, तरी त्यांतून न आलेल्यांची संख्या कळत नाही. तुलनेसाठी दुसरा गट ठेवूनच ती उणीव भरून काढावी लागते.

दुसरा आक्षेप : गणित

आता चालण्याचा वाटा वेगळा काढून पाहू. सपाट रस्त्यावर चालताना, स्वस्थ बसण्याच्या खर्चाहून अधिक असा जो खर्च होतो, तो शरीराच्या दर किलोग्रॅममागे दर किलोमीटरला साधारण अर्धी किलोकॅलरी असतो. झपझप चालले तर थोडा जास्त. बाईंचे वजन ६५ किलो. ६५ गुणिले साडेचार गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे १५० किलोकॅलरी. शरीरातील एक किलो चरबीत साधारण ७,७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात. भागाकार केला तर एक किलो चरबी खर्ची पडायला ५० हून अधिक दिवस रोज चालावे लागेल, आणि तेही खाण्यात तिळमात्र वाढ झाली नाही तर.

बाई ९० दिवस चालल्या. ९० गुणिले १५० म्हणजे १३,५०० किलोकॅलरी; चरबीच्या भाषेत पावणेदोन किलो. उतरले पाऊण किलो. उरलेला एक किलो कोठे गेला? ७,७०० ला ९० ने भागले की रोजच्या सुमारे ८५ किलोकॅलरी येतात. चहाच्या चमच्याने दोन चमचे तेलात जवळजवळ एवढी ऊर्जा असते. चालून आल्यावर लागलेली थोडी अधिक भूक, दुपारी घेतलेली थोडी अधिक विश्रांती, यांत एवढा फरक कोणाच्याही नकळत पडतो. शरीरातील पाण्याच्या चढउतारानेही काटा एखादा किलो इकडेतिकडे होतोच. तेव्हा काटा खोटा नव्हता आणि बाईही खोट्या नव्हत्या. त्यांना दिलेली अपेक्षा खोटी होती.

यावर नंदाखालमध्येच एकाने शंका काढली, "आमचे आजोबा दिवसभर वाडीत राबायचे, पोटभर भात खायचे, पण पोट कधी सुटलं नाही. ते कसं?" शंका रास्त आहे. विहिरीचे पाणी रहाटाने काढणे, वाफे खणणे, भाजीच्या टोपल्या डोक्यावरून स्थानकापर्यंत नेणे, ही ४५ मिनिटांची गोष्ट नव्हती, दिवसभराची होती. पण त्यांच्या घरात तेलाचा डबा किती दिवस पुरायचा आणि साखर कितीदा यायची, हेही विचारले पाहिजे. याबाबतीत एक अभ्यास विचारात पाडणारा आहे. टांझानियातील हाड्झा हे शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक. त्यांच्या दिवसभराच्या ऊर्जाखर्चाचे मोजमाप २०१२ साली हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. शरीराचा आकार लक्षात घेता तो खर्च शहरी पाश्चात्त्यांच्या खर्चाएवढाच निघाला. भरपूर श्रम करणारे शरीर इतर कामांत काटकसर करते, असे त्याचे स्पष्टीकरण पाँट्झर देतात. या स्पष्टीकरणावर वाद चालू आहे. पण श्रम वाढले की ऊर्जाखर्च तेवढाच सरळ वाढत जातो, हे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

चरबी जाते कोठे?

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. माणसाची दहा किलो चरबी कमी झाली, तर ती जाते कोठे? 'घामातून', 'उष्णता होऊन', 'तिचे स्नायू होतात' अशी उत्तरे हमखास येतात. रसायनशास्त्र वेगळेच सांगते. चरबीच्या सरासरी रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू धरले, तर त्याच्या पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. अणुभारांवरून हिशेब केला, तर दहा किलो चरबीसाठी २९ किलो ऑक्सिजन लागतो; २८ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ११ किलो पाणी मिळते. मूळ दहा किलोंपैकी सुमारे ८.४ किलो वस्तुमान उच्छ्वासावाटे कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडते आणि उरलेले पाण्याच्या रूपाने. हा हिशेब २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आला. दहावीच्या विद्यार्थ्याला समीकरण संतुलित करायला द्यावे, इतका तो सुबोध आहे.

हे समीकरण हाती असले की बाजारातील निम्म्या जाहिराती आपोआप गळून पडतात. पोटाला पट्टा बांधून घाम काढला तर पाणी जाते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर परत येते. जोरजोराने श्वास घेतला म्हणून चरबी जळत नाही; आधी पेशीत ज्वलन व्हावे लागते, श्वास केवळ राख वाहून नेतो. राहिला पोटाच्या व्यायामाने पोटाचीच चरबी उतरवण्याचा दावा. टेनिसपटूंचा एक हात वर्षानुवर्षे दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक राबतो. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या दोन्ही हातांवरील त्वचेखालच्या चरबीची जाडी मोजली, तेव्हा ती सारखीच भरली. राबणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, चरबी कमी नव्हती. चरबी रक्तावाटे साऱ्या शरीरातून गोळा होते. जवळच्या स्नायूने तिच्यावर हक्क सांगावा अशी व्यवस्था शरीरात नाही.

मग कोणता व्यायाम?

चालावे, धावावे की वजने उचलावीत, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासात (२०१२) ११९ स्थूल प्रौढांना तीन गटांत विभागून आठ महिने व्यायाम करायला लावला. चालणे-धावणे अशा दमसासाच्या व्यायामाच्या गटात चरबी सरासरी दीड किलोहून थोडी अधिक घटली. केवळ वजने उचलणाऱ्यांची चरबी जवळजवळ घटलीच नाही. मात्र स्नायूंसह चरबीविरहित वजन सुमारे एक किलो वाढले. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांना दोन्ही लाभ मिळाले, अर्थात त्यांचा वेळही दुप्पट गेला. आठ महिने आणि दीड किलो, हे आकडे आपल्या बाईंच्या गणिताशी किती जुळतात ते पाहावे. थोडा वेळ अतिवेगाने आणि थोडा वेळ सावकाश, असा आलटून पालटून करायचा व्यायाम सध्या गाजतो आहे. अनेक प्रयोग एकत्र तपासल्यावर चरबीच्या बाबतीत त्याचा परिणाम नेहमीच्या व्यायामाएवढाच दिसतो. वेळ वाचतो, एवढाच त्याचा फायदा.

'स्नायू वाढवा, मग झोपेतही चरबी जळेल' हे व्यायामशाळांचे आवडते वाक्य. त्यातही थोडे तथ्य आणि बरीच अतिशयोक्ती आहे. विश्रांतीच्या काळात एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी खर्च करतो. म्हणजे आठ महिने घाम गाळून मिळवलेल्या एका किलो स्नायूची रोजची कमाई साखरेच्या एका लहान चमच्याएवढीही नाही.

तर मग स्नायूंची गरज काय? येथेच आमचा तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा आक्षेप येतो.

तिसरा आक्षेप : काटा काय मोजतो?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक गंमतीदार पण डोळे उघडणारे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. काटा दोघांना सारखेच गुण देतो. आतला हिशेब दुपटीहून अधिक फरकाचा. दिसायला सडपातळ, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही भारतीयांची ठेवण पुण्यातील आणि परिसरातील खेड्यांतील संशोधनातून जगापुढे आली. नवजात बालकांतही ती आढळली.

अशा ठेवणीच्या माणसाने केवळ वजन उतरवण्याच्या मागे लागणे धोक्याचे आहे. नुसते खाणे कमी करून वजन घटवले तर घटीचा साधारण चौथा हिस्सा चरबीखेरीज इतर ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायू येतात. आधीच तुटपुंजी असलेली पुंजी आणखी घटते. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक स्नायूच आहेत. वजने उचलणे, उठाबशा, जोर, पाण्याची कळशी घेऊन जिना चढणे, अशा व्यायामांचे मोल येथे आहे. उतरणाऱ्या वजनात स्नायूंचा वाटा कमी राहावा म्हणून ते करायचे. साडेचार किलोमीटरच्या सूत्रात या व्यायामाला जागाच नाही, ही त्यातील मोठी उणीव. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जी शिफारस केली, तिच्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम सांगितले आहेत.

आणि आता बाईंच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर. भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केले. आहार सुधारणे आणि रोज किमान अर्धा तास झपझप चालणे, एवढाच सल्ला मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचा धोका तुलनेच्या गटापेक्षा २८.५ टक्क्यांनी घटला. विशेष म्हणजे त्या गटाचे सरासरी वजन जवळजवळ तेवढेच राहिले होते! काट्यावर काही दिसले नाही, पण रोग टळला. हा प्रयोग तुलनेचा गट ठेवून केलेला असल्याने आम्ही त्याला सभागृहातील अनुभवांहून अधिक वजन देतो. त्यातही आहार आणि चालणे एकत्र आहेत, हे मात्र विसरता कामा नये. पहिल्या आक्षेपात जो नियम आम्ही दुसऱ्यांना लावला तो येथेही लागू आहे.

कार्यक्रमानंतर चहा घेताना आम्ही बाईंना विचारले, चालत होता त्या तीन महिन्यांत दुसरा काही फरक जाणवला का? त्या म्हणाल्या, "जिना चढताना धाप लागायची ती थांबली होती. उपाशीपोटीची साखरही जरा उतरली होती. पण वजन हललं नाही, मग म्हटलं उपयोग काय?" एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढू नये हे खरे, पण 'उपयोग काय' या दोन शब्दांनी आम्ही अस्वस्थ झालो. ज्या व्यायामाने बाईंची धाप थांबवली तो त्यांनी सोडला, कारण त्याची परीक्षा चुकीच्या विषयात घेतली गेली. गणितात नापास झाला म्हणून चांगल्या गवयाचे गाणे बंद करावे, असा हा प्रकार.

आमचे मत

चरबी उतरवायची असेल तर मुख्य भार आहारावर पडतो, हे स्पष्ट सांगावे. उतरलेले वजन टिकवायला व्यायामाची मदत होते, असे दिसते. ज्यांनी मोठी घट वर्षानुवर्षे टिकवली, अशा लोकांची एक नोंदवही अमेरिकेत १९९४ पासून ठेवली गेली. त्यांतील बहुतेकजण रोज सुमारे तासभर व्यायाम करणारे निघाले. पण ही जिंकलेल्यांचीच यादी आहे, हे लक्षात ठेवून तिचा आधार घ्यावा.

वेगाबद्दलही लवचीकपणा हवा. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटर. तिशीच्या तरुणाला तो वेग सोपा, गुडघे दुखणाऱ्या साठीच्या आजींना अशक्य. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही खूण प्रत्येकाला आपापला वेग दाखवते. आणि यश मोजायचेच तर काट्यासोबत साधी शिंप्याची टेप घ्यावी. भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर मानतात. हा लेख लिहिताना आम्ही स्वतःची कंबर मोजली. वजन 'योग्य' असूनही ती ९३ भरली. तेव्हा हा उपदेश आधी आम्हालाच लागू आहे.

शेवटी एक गोष्ट खास शिक्षकांसाठी. आम्ही शाळेत असताना गृहपाठ राहिला की मैदानाला पाच फेऱ्या मारायची शिक्षा असे. जाड मुलाला आणखी दोन फेऱ्या, 'तुझ्याच भल्यासाठी' म्हणून. त्या फेऱ्यांनी कोणाची चरबी उतरली नाही; हे वर केलेल्या गणितावरून आता कळतेच. पण धावणे म्हणजे अपमान, हे मात्र आमच्यातील काहीजण कायमचे शिकले. शाळेत वजनकाटा आणावा, पण साऱ्या वर्गासमोर मुलांना त्यावर उभे करू नये. त्यापेक्षा नाडीचे ठोके मोजावेत, मैदानाची लांबी मोजावी, पाच फेऱ्यांत किती किलोकॅलरी जातात आणि एका वडापावात किती येतात, हे मुलांनाच काढू द्यावे. मैदान शिक्षेसाठी राखून ठेवले नाही, तर मूल मोठेपणी तिकडे आपणहून वळेल.

निघताना बाई म्हणाल्या, "म्हणजे उद्यापासून पुन्हा राजोडीचा रस्ता?" आम्ही म्हणालो, "हो. पण काटा महिनाभर कपाटात ठेवा."

त्यावर त्यांचे उत्तर होते, "काटा कुठला कपाटात! तो मुलीकडं देते. टेप तेवढी घरात ठेवीन."